काजव्यांच्या गावात पाहुण्याची रात्र

मे संपत आला की मुंबई-पुण्याच्या गाड्या भंडारदऱ्याकडे वळतात. वळवाची एखादी सर येऊन गेलेली असते आणि अकोले तालुक्यातल्या मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर या गावांभोवतीची हिरडा-बेहड्याची झाडं रात्री काजव्यांनी लखलखू लागतात. हा सोहळा जेमतेम तीन आठवड्यांचा. पावसाने जोर धरला की संपला.

अशाच एका शनिवारी मी तिथल्या एका घरी मुक्कामाला होते. ओसरीवर पंगत बसली होती. नागलीची भाकरी, पिठलं, वर खरडा. वाढणाऱ्या मावशींचे सासरे कोपऱ्यात बसलेले, गळ्यात तुळशीची माळ. शेजारच्या तंबूत उतरलेल्या पोरांपैकी एक जण अंगणात आला आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, "मावशी, तुमची मोहाची मिळेल का? अस्सल आदिवासींची?"

मावशींनी पदर सावरला. "आमच्यात माळ हाये, बाबा. घरात चालत नाही," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

पोरगा वाईट नव्हता. आपण कुणाच्या ओसरीवर काय मागितलं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

अकोल्याच्या या डांगाणात मुख्य वस्ती महादेव कोळी आणि ठाकरांची. वारकरी पंथ इथे खोल रुजलेला आहे. गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात. प्यायची सवय कुणालाच नाही असं नाही, पण आदिवासी म्हटलं की मोहाची दारू, हे शहराने ठरवलेलं चित्र आहे. वारली, भिल्ल, गोंड समाजांत मोहाच्या दारूला मान आहे, तिथेही तिला जागा नेमलेली असते. लग्न, मयत, देवाचं कार्य. पहिली धार जमिनीवर, देवाला आणि पितरांना. मग माणसांनी प्यायची. पाहुण्याला ती दिली जाते, पाहुण्याने मागायची नसते. इंग्रजांनी महसुलासाठी 1878 चा अबकारी कायदा आणला, 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करण्यावरही निर्बंध घातले, आणि जे रिवाजाचं होतं ते गुन्ह्याचं झालं.

आज 'गावठी' म्हणून रस्त्याकडेला हाती पडते ती बहुतेकदा काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी असते. नव्या मुलखाची चव म्हणून ती घ्यायला जाऊ नका. मिथेनॉल मिसळलेली दारू वासावरून, चवीवरून ओळखू येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. नजर जाते आणि मग जीव. याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पांगरमलला फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या काळातल्या एका पार्टीत बनावट दारूने अनेकांचे बळी घेतले. फुकटची पार्टी होती आणि पिणारे आपल्याच गावात होते. परक्या गावात आलेल्याला तर समोरची बाटली कुठून आली, हे कळायचा काही मार्गच नसतो.

अहिल्यानगर जिल्ह्याला दारू म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. 1975 मध्ये अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या पेटत होत्या. यादवबाबांच्या मंदिरात गाव जमलं आणि त्या बंद झाल्या. पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची तिथली तेव्हाची रीत मला पटत नाही, पण ती कुठल्या हतबलतेतून आली हे समजतं. पारनेर तालुक्यातलंच निघोज आपण कुकडी नदीतले रांजणखळगे पाहायला जातो म्हणून ओळखतो. त्या निघोजच्या बायका दारूबंदीसाठी लढल्या आणि मतदानाला उभ्या राहिल्या. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडव्या बाटलीच्या बाजूला गेल्या तर दुकान बंद. मतदानाला न आलेलीचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात पडतं, इतकी ती अट कडक आहे. अशी लढाई लढलेल्या जिल्ह्यात आपण डिकीत खोकी भरून उतरतो.

त्या रात्री झाडांखाली उभी होते. नर काजवा ठरावीक लयीत चमकतो, मादी गवतातून, पानांआडून तसंच चमकून उत्तर देते. त्यावर त्यांची पुढची पिढी ठरते. गाडीचा हेडलाइट पडला की हे बोलणं तुटतं. मागून एक टोळकं स्पीकर आणि मोबाईलचे टॉर्च घेऊन आलं, आणि समोरचं झाड बघता बघता विझलं. काळोख परत जुळून यायला बराच वेळ लागला. गवतात, पालापाचोळ्यात काजव्यांची अंडी-अळ्या असतात. तिथेच ही पावलं नाचत होती. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. वनविभाग हंगामात नाके लावतो, गाड्या तपासतो, पण प्रत्येक झाडाखाली वनरक्षक उभा करता येत नाही.

सकाळी मावशी खाचरात वाकून काहीतरी वेचत होत्या. जवळ गेले तर ओच्यात हिरव्या काचा. "मागल्या वर्षी आवणीला जावेच्या टाचेत घुसली," त्या म्हणाल्या. "चिखलात दिसत नाही ना."

यंदा काजवे पाहायला जाणार असाल तर जरूर जा. त्या घरांना तुमच्या मुक्कामाचे पैसे हवे आहेत. बाटली मात्र घरी ठेवा, आणि नेलीच तर रिकामी परत आणा. काजवे संपल्यावर थोड्याच आठवड्यांत त्या खाचरांत बायका अनवाणी उतरतात.