करंजी जमते ना? मग पेस्ट्रीही जमलीच!

बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापुरात मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच गल्लीत नांदतात. एका घरात पोळ्याला आणि दिवाळीला करंज्या होतात, शेजारी होळीला गुजिया. दोन्हीकडे काम एकच: पारी लाटा, सारण भरा, कडा घट्ट मिटा. जगभरातली भरलेली बिस्किटं आणि छोट्या पेस्ट्र्या याच तीन पायऱ्यांवर उभ्या आहेत. फरक एवढाच, की तिथे तेलाऐवजी कोरडी आच असते. म्हणून घरी बेकिंग करायला बिचकणाऱ्यांसाठी ही चटकदार माहिती.

साट्याची करंजी म्हणजे आपली पफ पेस्ट्री

तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा करायचा, पोळीवर पोळी रचत तो लावायचा, वळकटी करून कापायची आणि पुन्हा लाटायची. फ्रान्समधला पेस्ट्रीवाला लोणी घेऊन असंच करतो. तो पोळीची तिहेरी घडी सहा वेळा घालतो. 3, 9, 27 असं करत लोण्याचे थर 729 वर पोचतात!

पदर उघडतो वाफेमुळे

खारी फुगते ती सोड्याने नव्हे. पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा मागते. तुपाचा थर तिला सहज बाहेर पडू देत नाही, म्हणून ती पदर वर उचलते. आच सुरुवातीला मंद ठेवली, तर वाफ होण्याआधीच तूप वितळून वाहतं आणि पदर एकमेकांना चिकटतात.

मोहनाची मूठ

मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून चिवट जाळं विणतात. आधी तूप चोळलं, तर पिठाच्या कणांवर त्याचा लेप बसतो आणि जाळं तोकडं राहतं. त्यातून येतो खुसखुशीतपणा. मुठीत दाबलेल्या पिठाचा मुटका टिकला, की मोहन बरोबर पडलं. ही परीक्षा करंजीला लागू आहे, तशीच कुकीलाही.

चिन्नोरच्या जिल्ह्यात पिठीची काय वाण?

बालाघाटच्या सुगंधी चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तांदळात मैद्यासारखी चिवट जाळी विणणारी प्रथिनं नसतात, त्यामुळे चार चमचे मैद्याऐवजी तेवढी पिठी घातली तर बिस्किट अधिक कुरकुरीत होतं. त्यासाठी अख्खा चिन्नोर दळायची गरज नाही, कणी पुरते.

सारण जंगलातून

करंजीतली चारोळी मध्य भारताच्या जंगलातली. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. त्यांत गोडवा मुळातच भरपूर असतो. वाळवलेली फुलं स्वच्छ निवडून, भाजून, तिळाबरोबर कुटली की बेदाण्याला तोडीस तोड सारण तयार.

यंत्राने भरलेलं बिस्किट

अमेरिकेत 1891 मध्ये अंजिराचा गर भरलेलं बिस्किट यंत्रावर निघू लागलं. युक्ती साधी होती: एका नरसाळ्यात दुसरं नरसाळं. आतून गर, बाहेरून पीठ, एकाच वेळी. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावावरून त्याला ‘फिग न्यूटन’ म्हणतात. शास्त्रज्ञ न्यूटनचा त्याच्याशी संबंध नाही.

आधी कोण? ओरिओ नव्हे!

दोन काळ्या चकत्यांत पांढरं क्रीम भरलेलं ‘हायड्रॉक्स’ बिस्किट 1908 मध्ये आलं, ‘ओरिओ’ 1912 मध्ये. भाजताना पीठ खमंग तांबूस होतं ते प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या क्रियेमुळे; ती सांगणारा फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मैयार याचा पहिला लेखही 1912 चाच. करंजीच्या सोनेरी रंगातही मैयारचीच ही क्रिया असते.

बायकोच्या पथ्यातून बेकिंग पावडर

इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्डच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. त्याने आधी बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर. आज शाकाहारी घरांत बिनअंड्याचे केक होतात, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

एकच अर्धचंद्र, दोन सण

गोव्यात हिंदू घरांत चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नेवऱ्या (आपल्या करंज्याच) होतात आणि ख्रिस्ती घरांत त्याच नेवऱ्या नाताळाच्या कुसवारात, म्हणजे फराळात, मानाने बसतात.

खसखस जपून!

सारणातली चिमूटभर खसखस सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत चालत नाही. ती अफूच्या बोंडातली असल्याने तिथे तिच्यावर बंदी आहे. तिकडच्या लेकरांना फराळ पाठवताना तिच्याऐवजी भाजके तीळ घाला.

ओव्हन नाही? मीठ आहे ना!

पूर्वी रवा, मैदा, साखर, डालडा घेऊन लोक गावातल्या बेकरीच्या भट्टीवर जात आणि डबाभर नानकटाई भाजून आणत. आज जाड बुडाची कढई पुरते. तळाशी दोन बोटं जाड मीठ पसरा. मीठ वितळायला सुमारे 801 अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळे काळजी नको. वर जाळी ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग बिस्किटांची ताटली आत ठेवा. कढईत आच खालून लागते, म्हणून शेवटची पाच मिनिटं बिस्किटं उलटवा.

हवा बघून मुहूर्त काढा

साजूक तूप तिशीच्या पुढच्या तापमानाला पातळ होऊ लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा साटा पोळपाटावरच वाहतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तूप आपोआप थिजलेलं राहतं, पेस्ट्रीचा खरा हंगाम तोच.

एवढं करून बघा

एक वाटी मैदा, दोन चमचे बारीक रवा, तीन मोठे चमचे थिजलेलं तूप, चिमूटभर मीठ, भिजवायला लागेल तेवढं थंड दूध. सारणाला भाजलेलं सुकं खोबरं, चारोळी, तीळ, पिठीसाखर. गूळ घ्यायचा तर बेताने, तो वितळून कडेतून बाहेर येतो. जॅम घालायचा तर घट्टच हवा. कडा दुधाच्या बोटाने चिकटवा, वर टोचणीने दोन भोकं पाडा म्हणजे वाफ कड फोडणार नाही. 180 अंशांवर 18 ते 20 मिनिटं, कढईत अंदाजे 25.

गार होईपर्यंत हात लावू नका. गरम सारण जीभ पोळतं आणि बिस्किट गार झाल्यावरच कडक होतं. पिढ्यान् पिढ्या करंजी मुरडणाऱ्या हातांना पेस्ट्री परकी नाही. या दिवाळीला तळणीतल्या करंज्यांबरोबर एक ताटली भाजायलाही ठेवा आणि मुलांना कातण फिरवू द्या.