दंतवैद्यकीय टायटॅनियम मिश्रधातूंचे शाणन

दंतवैद्यकीय टायटॅनियम मिश्रधातूंचे शाणन म्हणजे कृत्रिम दातांच्या टोप्या, पूल, कवळीचे सांगाडे आणि इम्प्लांटचे भाग फिरत्या अपघर्षक चाकाने किंवा बरने घासून त्यांना अंतिम आकार देण्याची प्रक्रिया होय. टायटॅनियम मुखात निर्धोक ठरते. परंतु दंतप्रयोगशाळेत ते घासण्यास कठीण धातूंपैकी एक मानले जाते.

पार्श्वभूमी

स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये मानवी जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसविले. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्यामुळे ते लाळेत गंजत नाही आणि हाड त्याला घट्ट धरते. दंतवैद्यकात शुद्ध टायटॅनियमच्या १ ते ४ या प्रती, तसेच ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेली मिश्रधातू प्रामुख्याने वापरली जाते. ही मिश्रधातू मूळची विमानउद्योगातील आहे. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या सुखोई-३० विमानांतही टायटॅनियमच्या मिश्रधातू आहेत. विमानाचे भाग भक्कम यंत्रांवर, शीतकाचा भरपूर मारा करून कापले जातात. दंततंत्रज्ञाला मात्र तोच धातू बहुधा हातातील छोट्या हँडपीसने, अनेकदा कोरडाच घासावा लागतो.

अडचणीची कारणे

पहिले कारण उष्णता. सोन्याची ऊष्मीय संवाहकता ३०० वॅट प्रतिमीटर-केल्विनहून अधिक असते. शुद्ध टायटॅनियमची सुमारे २२, तर वरील मिश्रधातूची सुमारे ७ असते. त्यामुळे घर्षणाची उष्णता धातूत पसरत नाही, ती स्पर्शबिंदूपाशीच साचते. दुसरे कारण रासायनिक क्रियाशीलता. तापलेले टायटॅनियम चाकाच्या कणांना चिकटते, कणांमधील फटी बुजतात आणि चाक कापण्याऐवजी नुसते घासत राहते. तिसरे कारण लवचिकता. टायटॅनियमचा स्थितिस्थापकता गुणांक पोलादाच्या सुमारे निम्मा असल्याने पातळ भाग दाबाखाली मागे सरतो. ओतीव कामात आणखी एक अडथळा असतो: वितळलेला धातू साच्यातील द्रव्यांशी संयोग पावून कठीण व ठिसूळ बाह्यस्तर बनवितो. तो काढल्याशिवाय टोपी नीट बसत नाही व झिलई उतरत नाही.

मापन व नव्या मिश्रधातू

शाणनक्षमता दोन मापांनी ठरविली जाते: ठरावीक वेळेत निघालेल्या धातूचे आकारमान आणि त्याचे चाकाच्या झिजेशी असलेले गुणोत्तर. जपानमधील संशोधकांनी टायटॅनियममध्ये तांबे, चांदी, नायोबियम इत्यादी मिसळून प्रयोग केले. तांबे किंवा चांदी योग्य प्रमाणात असल्यास तन्यता कमी होते, कण सुटे होऊन निघतात आणि शाणन सुलभ होते. मात्र तन्यता फार घटल्यास सांगाड्याचा आकडा मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून घासण्यास सोपी मिश्रधातू मुखासाठी योग्य असेलच असे नाही.

दक्षता

टायटॅनियमसाठी स्वतंत्र बर ठेवणे, वेग कमी राखणे, हलका दाब देणे आणि मध्ये मध्ये थांबणे हे सर्वमान्य नियम आहेत. हाडात बसविलेल्या इम्प्लांटवरील भाग तोंडातच घासावा लागल्यास पाण्याचा फवारा आवश्यक असतो. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी त्याच्या पुनर्निर्मितीस बाधा येते, असे १९८० च्या दशकातील प्रयोगांत आढळले. टायटॅनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते. अशी आग पाण्याने विझवू नये, कारण त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निर्माण होतो. त्याऐवजी कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीचे विशेष अग्निशामक वापरावे.

संगणकीय मिलिंगने घन ठोकळ्यातून भाग कोरल्यास ओतकामातील बाह्यस्तर टळतो. तथापि शेवटची बारीक जुळणी बहुधा हातानेच करावी लागते.