वाढता मेंदू आणि निकालाचा दिवस

बल्लारपूरकडून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुऱ्याची हद्द लागते. कोळसा, सिमेंट आणि कापूस यांवर या भागाचे अर्थकारण उभे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा प्रदेश हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. नंतर तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. कोरपना व जिवती हे तालुके पुढे राजुऱ्यातूनच वेगळे झाले. या पूर्वेतिहासामुळे येथील एकाच वर्गात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषांच्या घरांतून आलेली मुले शेजारी शेजारी बसलेली आढळतात.

या मुलांच्या शरीराची वाढ सर्वांना दिसते. डोक्याच्या कवटीत त्याच काळात जी उलथापालथ चाललेली असते, ती मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असून मेंदूची आकृती त्याने शालेय पुस्तकानंतर फारशी पाहिली नव्हती. तथापि गेल्या काही दशकांत या विषयाची जी माहिती हाती आली आहे, ती शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या नित्याच्या कामाची असल्याने येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनाच्या मानाने हा वाटा अवघा दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ वीस टक्के ऊर्जा तो खर्च करतो. मेंदूचा आकार बालपणीच बव्हंशी पूर्ण होतो, आणि म्हणूनच पुढे त्यात काही घडत नाही असा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुस्थिती निराळी आहे. किशोरवयात मज्जापेशींमधील न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या गळून पडतात आणि वापरातील जोडण्या बळकट होतात. शेतकरी कपाशीची विरळणी करतो, तसाच काहीसा हा प्रकार होय. या कामात कपाळामागील भाग सर्वांत शेवटी तयार होतो. परिणामांचा विचार करणे, क्षणाचा आवेग आवरणे ही कामे त्याच्याकडे असतात आणि त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. भावना आणि आकर्षण यांची केंद्रे मात्र त्यापूर्वीच जोमाने कामाला लागलेली असतात. सोबत्यांच्या देखत मुले अधिक धोका पत्करतात, असे प्रयोगांतही आढळून आले आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला दुःख प्रौढाइतकेच, किंबहुना अधिक तीव्रतेने होते. ते दुःख उद्या ओसरेल हे ओळखणारी यंत्रणा मात्र अपुरी असते.

झोपेचीही अशीच गोष्ट आहे. या वयात शरीराचे घड्याळ एक ते दोन तास पुढे सरकते आणि मुलाला रात्री लवकर झोप येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात शाळा सकाळची असते आणि रात्री उकाड्याने तळमळत जातात. पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी हे ध्यानी घ्यावे.

विचार करण्याच्या पद्धतीबद्दल एका लोकप्रिय गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. डाव्या मेंदूचे लोक हिशेबी आणि उजव्या मेंदूचे कलावंत, अशी विभागणी सांगून पालकांकडून शुल्क घेणारी शिबिरे निघतात. मेंदूच्या दोन अर्धगोलांची कामे काही अंशी भिन्न असतात, हे संशोधक रॉजर स्पेरी यांनी दाखविले व त्याबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यावरून माणसांच्या दोन जाती पडत नाहीत. एक हजारांहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंच्या चित्रणांवर आधारित २०१३ च्या अमेरिकन अभ्यासात असे कोणतेही वर्गीकरण आढळले नाही. ग्रामपंचायतीने अशा शिबिरासाठी सभागृह देताना थोडी चौकशी केलेली बरी.

विचारांच्या ज्या सवयी खरोखर महत्त्वाच्या आहेत, त्या वेगळ्या होत. 'गणितात गेलो, म्हणजे मी कशाच्याच लायक नाही', 'आता सगळे मलाच हसतील', 'यापुढे काहीच होणार नाही' ही वाक्ये प्रसंगातून आपोआप उमटत नाहीत. ती प्रसंगाचा लावलेला अर्थ असतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास नेमक्या याच मुद्यावर आपली उपचारपद्धती उभारली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजविली. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. या पद्धतीत रुग्णाची कोरडी समजूत काढली जात नाही. 'एक विषय गेला हे खरे. पण त्यावरून तू निकामी ठरतोस, हे कशावरून?' असा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरासाठी थांबले जाते. हे थांबणे आपल्याला जड जाते, कारण उपदेश करण्याची आपली सवय जुनी आहे. त्यातच घरी कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलास मनातली व्यथा मराठीत सांगणे अवघड जाते. त्याचे मौन मठ्ठपणाचे लक्षण मानले गेले, तर त्याचा उरलासुरला शब्दही आटतो.

मनाच्या विकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापूर्वी सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. देशात २०२२ साली तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. दहावीचा निकाल लागतो तो खरिपाच्या तोंडावर. कापूस पिकविणाऱ्या घरांत फवारणीचे औषध कोनाड्यात किंवा खाटेखाली ठेवलेले असते. या वयातील आवेग बहुधा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात विष हाती न लागले, तर जीव वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या गावात यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कुलूप असलेली पेटी आणि किल्ली घरातील वडीलधाऱ्यांच्या कमरेला, एवढी व्यवस्था ग्रामसभेत बोलून होण्याजोगी आहे.

निकालाच्या आदल्या दिवशीच मुलांना सांगावे की, नापास झालेल्यांसाठी त्याच वर्षी काही आठवड्यांत फेरपरीक्षा होते. ही सोय २०१५ पासून आहे. जो मुलगा पंधरा दिवसांहून अधिक काळ जेवणात, झोपेत, खेळात मन घालीत नाही, किंवा 'मी नसलेलो बरा' असे बोलून जातो, त्याचे बोलणे थट्टेवारी नेऊ नये. त्याला तसे विचार येतात काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने विचार बळावतो ही भीती निराधार आहे. घरच्यांनी गावच्या पुजाऱ्याकडे नेले, तर त्यावरून वाद घालण्यात वेळ दवडू नये. मात्र डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनाशुल्क चालते व तेथे मराठीतून बोलता येते. चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

राहता राहिला पोलिसांचा धाक. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलास रुग्णालयात नेले तर खटला होईल, या भयाने आजही काही कुटुंबे मोलाचे तास घरातच घालवितात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या ११५ व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. तिला शिक्षा नव्हे, तर शुश्रूषा व पुनर्वसन मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. सरपंचांनी हे कलम ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि ज्यांच्या घरी कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलली जाते, त्यांना ते त्यांच्या भाषेत समजावून सांगण्यासाठी गावातीलच एखादा जाणता माणूस सोबत घ्यावा.