आधी ओल, मग रंग

यंदा दिवाळीआधी आम्ही घराचं रंगकाम काढलं. शेड कार्ड आठ दिवस घरभर फिरत होतं. सासूबाईंना आकाशी हवा, लेकीला अबोली आणि ह्यांचं आपलं एकच, ''मळखाऊ घ्या काहीतरी!'' शेवटी हॉलला मोतिया आणि स्वयंपाकघराला फिका पिस्ता ठरला. रंगारी आले, मोरीलगतच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, ''वहिनी, रंग कुठलाही घ्या, पण आधी ओल काढा. आत पाइप गळतोय. वरून कितीही हात दिले तरी पोपडे येणारच.''

त्याच दिवशी आमच्या भांडीवाल्या मावशी कंबर धरून खाली बसल्या. मूतखडा. ऑपरेशन सांगून वर्ष झालेलं. ''खर्चाला भिऊन राहिलं. ताई, केशरी कार्डावर होतं का हो?'' त्यांनी विचारलं.

होतं! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती. २०२३ साली ती सर्वच कुटुंबांना लागू करायचा आणि संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, ते कागदपत्रं बघतात. आम्ही गेलो, तर मावशींचं आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं! ते निस्तरण्यात तीन खेपा झाल्या. पण ऑपरेशन पार पडलं, बिलाची चिंता मिटली.

तरी मनात रंगाऱ्याचं बोलणं घोळत राहिलं. त्याआधी दोन वर्षं मावशी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दिवस ढकलत होत्या. सोनोग्राफीला तालुक्याला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार. योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. रोजची बीपीची, शुगरची गोळी, तपासणी, एसटीचं भाडं हे आपल्याच पदरातून जातं. आणि घरात काटकसर करायची तर आधी बाईचंच औषध थांबतं. ओल आहे ती इथे.

म्हणून मला वाटतं, आरोग्यसेवा सुधारायची तर सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून व्हावी. औषधं महिनाभर पुरावीत, ठरल्या वारी सोनोग्राफी व्हावी, कामावरून सुटलेल्या बायकांसाठी संध्याकाळीही डॉक्टर भेटावेत. प्रत्येक केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, बैठक कधी होते, हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे?

आणि एक काम आजच करा. घरातल्या सगळ्यांची रेशन कार्डं आणि आधार काढून नावं जुळतात का बघा. आम्ही रंगासाठी आठ दिवस घातले, या कामाला एक संध्याकाळ पुरली.

आमचा पाइप बदलला. भिंत वाळायला पंधरा दिवस गेले, दिवाळी तशीच पोपड्यांत झाली. पिस्ता रंग नंतर लागला. परवा मावशी कामावर आल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, ''ताई, आता टिकंल बघा!''