रक्तविकार, प्रतिकारशक्ती आणि परिचारिकेचे ज्ञान : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

रुग्णालयात डॉक्टर रुग्णास दिवसातून एक-दोन वेळा तपासतात; परिचारिका मात्र पाळीपाळीने चोवीस तास त्याच्याजवळ असते. त्यामुळे रुग्णाच्या प्रकृतीतील पहिला बदल बहुधा तिच्याच नजरेस पडतो. तो बदल धोक्याचा आहे की नाही, हे ओळखण्यासाठी केवळ सेवाभाव पुरत नाही. त्यामागील शास्त्र माहीत असावे लागते. रक्ताचे व प्रतिकारशक्तीचे विकार हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या ज्ञानाचे स्वरूप व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात त्याची आवश्यकता यांचा विचार केला आहे.

एकाच उगमाचे दोन विषय :

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात रक्तविकार व प्रतिकारशक्तीचे विकार हे घटक भिन्न सत्रांत शिकविले जातात. अध्यापनाच्या सोयीसाठी हे योग्यच आहे. परंतु तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू अर्थात प्लेटलेट या सर्वांचा उगम अस्थिमज्जेतील एकाच मूलपेशीतून होतो. म्हणूनच मज्जा बाधित झाली की रुग्ण एकाच वेळी फिकट पडतो, त्याला वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि हिरड्यांतून रक्त येते. अशा रुग्णाच्या पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील, तर जखमेत पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. ताप हेच एकमेव लक्षण असू शकते. इतर रुग्णाच्या बाबतीत सकाळपर्यंत थांबता येईल असा ताप येथे तातडीची अवस्था ठरतो. हा भेद परिचारिकेस ज्ञात नसेल, तर रात्रीचे मोलाचे तास वाया जातात.

रक्तक्षय आणि सिकलसेल :

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. लोहाची कमतरता हे त्याचे प्रमुख कारण असले, तरी प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या गोळीने बरा होत नाही.

सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या बदलाने प्राणवायू कमी होताच तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्याने तीव्र वेदना होतात. महाराष्ट्रात हा आजार प्रामुख्याने विदर्भ व नंदुरबार परिसरातील आदिवासी समाजात आढळतो. परंतु अकोले तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी आहे आणि ऊसतोडीच्या हंगामात बाहेरील जिल्ह्यांतील कुटुंबेही येथे येतात. त्यामुळे येथील परिचारिकेनेही हा आजार ओळखला पाहिजे. पुरेसे पाणी, ऊब, वेदनाशमन व तापाकडे तत्काळ लक्ष ही शुश्रूषेची मुख्य अंगे होत. प्लीहा निकामी झाल्याने या रुग्णाची प्रतिकारशक्तीही दुबळी असते, हे येथे ध्यानात घ्यावे. वारंवार रक्त दिलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह साचते. म्हणून कमतरता सिद्ध झाल्याखेरीज त्यास लोह देणे इष्ट नव्हे.

रक्तसंक्रमण : मुंबईचा धडा

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ रक्तगट नोंदविला. तो पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने जगभर ओळखला गेला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ प्रतिजन नसतो. नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट ‘ओ’ असा भासतो. परंतु त्यांच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असल्याने ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना घातक ठरते. रक्त देणे ही वस्तुतः प्रतिकारशक्तीची परीक्षाच आहे, हे यावरून स्पष्ट होते.

याच कारणाने रक्तपिशवी व रुग्ण यांची ओळख रुग्णाच्या खाटेपाशी दोघांनी पडताळावी आणि पहिली १५ मिनिटे रुग्णाजवळून हलू नये, असा दंडक आहे. थंडी, कंबरदुखी, धाप किंवा लालसर लघवी दिसताच रक्त प्रथम थांबवावे, नवीन नळीने सलाईन सुरू ठेवावे, डॉक्टर व रक्तपेढीस कळवावे आणि पिशवी जपून ठेवावी. कारण जाणणारी परिचारिका हा क्रम विसरत नाही; केवळ पाठ केलेली मात्र घाईत चुकू शकते.

ज्ञान गावापर्यंत :

याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर वा अल्पशिक्षित स्त्रियाही योग्य प्रशिक्षणाने सक्षम ग्रामआरोग्यसेविका होतात, हे या प्रकल्पाने दाखवून दिले. पापणीची आतील बाजू, जीभ व नखे पाहून फिकटपणा ओळखणे गावात शक्य आहे. मात्र त्याचे कारण शोधण्यासाठी रुग्णास पुढे पाठविण्याचा निर्णय ज्ञानावरच अवलंबून असतो.

समारोप :

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आहे. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. आपल्या महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली विवाहाच्या उंबरठ्यावर असतात. त्यांच्यापर्यंत तपासणीची माहिती पोहोचविणे हे केवळ परिचर्या महाविद्यालयाचे काम नाही. सतत थकलेली, वर्गात मागे पडणारी विद्यार्थिनी आळशी नसून रक्तक्षयाने पीडित असू शकते. ही जाण प्राध्यापकांस असेल, तर परिचारिकेचे काम वर्गातच सुरू होईल.