गवंड्याचे शब्द

सांगलीस कृष्णा नदीवर आयर्विन पूल आहे. तो १९२९ साली वाहतुकीस खुला झाला. पावसाळ्यात नदी फुगली, की सारे शहर याच पुलापाशी पाणी किती फूट चढले, याची चौकशी करते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले होते. पूर ओसरला, तेव्हा पुलाच्या दगडी कमानी जागच्या जागी होत्या.

कमानीचे दगड पाचरीसारखे, एका बाजूस निमुळते घडवितात. रचताना त्यांना खालून आधार लागतो. त्यासाठी कमानीच्या आकाराचा जो सांगाडा उभारतात, त्यास ‘ढोला’ म्हणतात. गवंडी दोन्ही बाजूंनी दगड चढवीत माथ्यापर्यंत येतो. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला, म्हणजे प्रत्येक दगड शेजारच्या दगडास रेटू लागतो आणि सगळा भार दोन्हीकडच्या खांबांवर उतरतो. मग चुना घट्ट झाल्यावर ढोला काढतात. तो घाईने काढला, तर कमान खचते. अनेक दिवसांची मेहनत क्षणात खाली येते.

भिंतीची गोष्ट निराळी. ती सरळ उभी आहे की नाही, हे ओळंबा सांगतो. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे गुण्या सांगतो. दोन दगडांमधील फटीस ‘दरज’ म्हणतात. एका थरातील दरजेवर वरच्या थरातील दरज येऊ द्यायची नाही, तेथे अखंड दगड बसवायचा, यास ‘सांधमोड’ असे नाव आहे. नवख्याला वाटावे, की यात काही मोडावयाचे आहे! वस्तुतः मोडावयाची असते ती उभ्या फटींची सलग रेघ. ती तशीच राहिली, तर भिंत त्याच रेघेत तडकते.

नदीकाठच्या गावी मात्र सर्वांत मोलाचा शब्द म्हणजे ‘जोते’. पायाचे बांधकाम जमिनीच्या वर घराच्या फरशीपर्यंत आणतात, तेच जोते. २०१९ सारख्या महापुरापुढे जोत्याचे काही चालत नाही. पण लहान पुरात ते हातभर उंच असले, तरी घरातील धान्य कोरडे राहते. म्हणून घर बांधणारा प्रथम विचारतो, “जोते किती घ्यावे?” आणि जाणता गवंडी उत्तर देण्यापूर्वी उलट विचारतो, “मागच्या पुराची खूण कोठे आहे?”