डबल या शब्दाचे अर्थांतर

ब्रिजमध्ये भिडूने 'एक चौकट' अशी बोली उघडावी, आपल्या हाती बदामाची चार पाने आणि आठ-नऊ गुण असावेत, आणि आपण 'एक बदाम' उच्चारणार तोच उजवीकडच्या प्रतिपक्ष्याने 'एक इस्पिक' म्हणून वाट अडवावी, हा प्रसंग न अनुभवलेला खेळाडू विरळाच. 'दोन बदाम' म्हणावयास पाच पाने आणि साधारण दहा गुण हवेत. पास म्हणावे तर बदामाचा हुकूम हातचा निसटण्याचे भय. या पेचातून मार्ग काढणारा संकेत अमेरिकेच्या अल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन या जोडीने १९५७ साली प्रचारात आणला, आणि रशियाचा उपग्रह त्याच वर्षी अंतराळात गेल्याने त्यास 'स्पुटनिक' हे नाव पडले. आज तो 'निगेटिव्ह डबल' म्हणून रूढ आहे. तोवर दंडाचे फर्मान समजला जाणारा डबलचा पुकारा येथे 'न बोललेले बदाम माझ्याकडे आहेत' असे सुचवितो.

मग इस्पिकाची पाच भक्कम पाने हाती असता दंड कसा करावयाचा? स्वस्थपणे पास म्हणावे. इस्पिक आखूड असलेला भिडू आपल्या पाळीस डबल देतो, आणि आपण पुन्हा पास म्हणताच तोच पुकारा दंडाचा ठरतो. हा संयम मला या संकेतातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

एक दस्तुर भिडूशी आगाऊ ठरवावा: किलवरच्या बोलीवर 'एक बदाम' आडवे आले असता डबल म्हणजे इस्पिकाची नेमकी चार पाने, 'एक इस्पिक' म्हणजे पाच वा अधिक.